छोटी सॅक, मोठी वाट : वाचकांची प्रश्नोत्तरे

डिसेंबरात पितळखोरा, गौताळा, अंतूर असं तीन दिवस चालायचं ठरलंय. ३५ लिटरची सॅक पुरेल का? (कन्नड)

पुरेल. पण नुसतं वजन बघू नका, जागा कोण खातं ते बघा. स्लीपिंग बॅग गोल पिशवीत कोंबली की कडक गोळा होतो आणि त्याच्या भोवतीची जागा वाया जाते. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि स्लीपिंग बॅग सुटीच तळाशी दाबा. कोपरेसुद्धा भरतात. त्यावर कपडे, शिधा आणि पाणी पाठीला अगदी चिकटून, मध्यावर. जड सामान पाठीपासून लांब गेलं की सॅक मागे ओढते आणि चढावर खांदे भरून येतात. जीन्स घरीच ठेवा.

गौताळा अभयारण्य आहे. मुक्कामाची परवानगी वनखात्याकडून आधीच घ्या, आणि आत चूल पेटवू नका.

बिनफ्रेमची हलकी सॅक घेतली, पण पाठीला सामान टोचतं. (लातूर)

फोमच्या मॅटची घडी करून पाठीच्या बाजूला उभी सरकवा. टोचणं थांबतं, सॅक ताठ राहते. मात्र पाणी-शिधा धरून आठ-नऊ किलोंच्या वर अशा सॅकमध्ये भरू नका.

वजन वाचवायला पाणी एकच लिटर नेलं तर? (बीड)

कृपा करून असं करू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काटकसर होत नाही. बाकीचं वजन आपण कमी करतो ते पाणी नेता यावं म्हणूनच! बालाघाटात होळीनंतर ओढ्यांच्या भरवशावर निघणं जिवावर बेतू शकतं. चार लिटर मावतील एवढ्या बाटल्या ठेवा. स्टीलच्या नकोत, शीतपेयाच्या रिकाम्या चालतात. शेवटच्या गावात पोटभर पिऊन निघा आणि पुढचं पाणी कुठं आहे ते गुराख्यांना विचारा.

पैठणहून नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला जाणार आहे. या वर्षी सामान ट्रकमध्ये न टाकता पाठीवर न्यायचंय. वय ५८. (अंबड)

ताई, दिंडीत जेवणाची सोय असेल तर भांडी नकोत, २० लिटरची सॅक भागवते. अंगावरचा एक आणि आतला एक, असे लवकर वाळणारे दोनच जोड. पातळ चादर, पंचा आणि सॅकही झाकेल असा पोंचो. औषधं वेगळ्या बंद पिशवीत, हाताशी. महिनाभर आधी भरलेली सॅक घेऊन रोज सकाळी चाला. खांद्यांना सवय होईल, आणि काय नको तेही कळेल.

खायला काय न्यावं? (परभणी)

पहिल्या दिवसाला दशम्या, पुढं सातूचं पीठ, गूळ, शेंगदाणे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५५० कॅलरी असतात. डबा नको, चपट्या पिशव्यांत भरा.