विंडोज टाकताना मध्येच निळा स्क्रीन येतो, रॅम खराब असेल का?
जुन्या रॅमसोबत नवी ८ जीबीची स्टिक लावल्यापासून इन्स्टॉलेशन कधी ३० टक्क्यांवर, कधी ७० वर कोसळतंय म्हणालात. दरवेळी वेगळ्याच ठिकाणी अडतंय, म्हणजे पहिला संशय रॅमवरच. ज्यावरून विंडोज टाकताय तो पेनड्राइव्ह बिघडलेला असता तर बहुधा त्याच त्या फाइलवर अडलं असतं.

आधी बायोसमध्ये (कम्प्युटर सुरू होतानाच उघडणारी सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, बंद करा. मग एकच स्टिक ठेवून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आली तरी तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा, कधीकधी दोष स्लॉटचा निघतो. पुण्याच्या पावसाळी दमटपणात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा थर बसू शकतो. कम्प्युटरचा प्लग काढून, स्टिक बाहेर घेऊन त्या पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. नवी घ्यायचीच वेळ आली तर तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पक्कं बिल आणि वॉरंटी मागून घ्याच.