रात्रीतून ऑर्डर बदलते, लॉक कशी करू?

प्रश्न : सर नमस्कार, मी वाळूजला एका प्रेस शॉपमध्ये प्लॅनिंग बघतो, सहाच महिने झालेत, आमच्याकडं सॅप (कंपनीचा कारभार चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. शनिवारी संध्याकाळी एमडी ०४ मध्ये (स्टॉक आणि मागणी दाखवणारा स्क्रीन) ब्रॅकेटची ८०० नगांची प्लॅन्ड ऑर्डर बघितली, वहीत लिहून घेतली आणि सुपरवायझर काकांना सांगितलं की मंगळवारी डाय चढवा. सोमवारी येऊन बघतो तर ६५० झालेली, तारीख गुरुवारची, नंबर पण दुसराच. काका म्हणले, "तुमचं कॉम्प्युटर रात्रीला घेऊन बसतं का काय?" ऑर्डर लॉक कशी करायची, आणि सगळ्याच करून टाकल्या तर चालतं का?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : काकांना सांगा, घेऊन बसत नाही, रात्रपाळी करतं. प्लॅन्ड ऑर्डर म्हणजे नुसती बोलणी चाललेली असतात, सुपारी फुटलेली नसते. मागणी किंवा स्टॉक हलला की रात्रीचा रन, म्हणजे सॅपचं एमआरपी (कुठला माल किती आणि कधी लागेल याचं प्लॅनिंग), हिशोब नव्यानं मांडतो, आणि प्लॅनिंग मोड ३ लावलेला असला तर जुने प्रस्ताव पुसून नवे करतो, म्हणून नंबर पण बदलला. तुमच्या वहीतलं सॅपला कुठून दिसणार!

एमडी १२ मध्ये ऑर्डर उघडा, फर्मिंगची, म्हणजे लॉकची, टिक मारा, सेव्ह करा. एमडी ०४ मध्ये नंबरापुढं चांदणी दिसली की झालं. नग किंवा तारीख हातानं बदलली तर ही टिक आपोआप लागते, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग "ही ऑर्डर हलत का नाही" म्हणून आयटीवाल्याला फोन. टिका दोन असतात बरं, एक ऑर्डरची, एक कंपोनंटची. तुम्ही एखादा बोल्ट बदलून दुसरा टाकला असेल तर दुसरी पण बघा, नाहीतर रननं बीओएम (कशात काय काय लागतं ती यादी) परत वाचला की तुमचा बोल्ट गेला.

सगळ्याच लॉक करू नका. चिकलठाण्यात नोकरीला होतो तेव्हा मी हाच शहाणपणा केलेला, दिवाळीच्या तोंडावर पुढच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी एका बैठकीत लॉक करून टाकल्या आणि निवांत गावाकडं गेलो. कस्टमरनं शेड्यूल निम्म्यावर आणलं. वरची मागणी गेली, पण लॉक ऑर्डरी जागच्या जागी, आणि ऑर्डर जागेवर म्हणल्यावर तिच्या पोटातल्या पत्र्याची मागणी पण तशीच उभी. परचेसवाल्यानं इमानदारीत कॉइल मागवली. पुढचा अख्खा पावसाळा ती शेडच्या कडेला ताडपत्रीखाली बसून होती, बाहेरचे दोन-तीन वेढे गंजून लाल, आणि स्टोअरवाले तिला माझ्या नावानं हाक मारायचे. सिस्टीम रोज सांगत होती हो, २० नंबरचा मेसेज म्हणजे ऑर्डर रद्द करा. लॉक ऑर्डरला ती हात लावत नाही, नुसती ओरडते, १० म्हणजे अलीकडं घ्या, १५ म्हणजे पुढं ढकला. मी वाचतच नव्हतो, दुसरं काय.

तुम्हाला खरं तर टाइम फेन्स पाहिजे, म्हणजे आजपासूनच्या ठरावीक दिवसांभोवती कुंपण. पत्रा कापून झाला, डाय ठरली, आता बदल परवडत नाही असे किती दिवस असतात ते काकांनाच विचारा, समजा पाच म्हणले तर मटेरियल मास्टरच्या (सॅपमधली त्या मालाची नोंद) एमआरपी १ पानावर टाइम फेन्समध्ये पाच टाका आणि एमआरपी टाइप पी१ ठेवा. मग त्या पाच दिवसांतल्या ऑर्डरी आपोआप लॉक राहतात, नवीन प्रस्ताव फेन्सच्या पलीकडं सरकतात. टाइप साधा पीडी तसाच ठेवून नुसते दिवस टाकले तर काहीच होत नाही, यात लई जण फसतात. हाताची टिक एखाद्या अडलेल्या ऑर्डरपुरती ठेवा, आणि सोमवारी चहाच्या आधी २० नंबरचे मेसेज.

प्रश्न : लॉक केलेली ऑर्डर आणि प्रॉडक्शन ऑर्डर एकच का?
– एक वाचक, जालना

उत्तर : नाही. प्लॅन्ड ऑर्डर प्रॉडक्शन ऑर्डरमध्ये कन्व्हर्ट करा, रिलीज करा, मग स्टोअरमधून माल निघतो. नुसत्या टिकेवर स्टोअरवाला एक वॉशर देणार नाही. रिपिटेटिव्ह (तोच माल सलग बनवायची पद्धत) लावलेलं असेल तर मात्र काम प्लॅन्ड ऑर्डरवरच चालतं, तुमच्याकडं काय आहे ते आधी बघून घ्या.