ऑडिटच्या प्लेसमेंटमध्ये दिवसभर नुसत्या टिक मारते, सोडून देऊ का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं ही नेहमीचीच कंटाळा आल्याची तक्रार आहे, आणि मग अगदी शेवटी तू जाता जाता एक वाक्य टाकलंयस तिथे अडकले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाआधी एक वर्षाची प्लेसमेंट म्हणजे कामाचा अनुभव घेतेय, ऑडिट फर्ममध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये, चार महिने झालेत. दिवसभर इन्व्हॉइस म्हणजे बिलं शोधायची, बघितलं म्हणून टिक मारायची, बँक रेको म्हणजे पुस्तकातली आणि बँकेतली शिल्लक जुळवलेली तपासायची, कागदांसाठी क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांच्या मागे लागायचं, यात शिकण्यासारखं काय आहे असा तिचा प्रश्न. वर्गातली मुलं आपल्याआधी पास होऊन नोकरीला लागतील याचं टेन्शन आहेच. आणि ते शेवटचं वाक्य असं, की डेडलाइनच्या दिवशी खर्चाच्या तपासणीसाठी निवडलेल्या 25 नोंदींपैकी (सॅम्पल) 7 ची इन्व्हॉइस सापडलीच नाहीत, सिनिअर म्हणाला मार टिक, गेल्या वर्षी पण काही निघालं नव्हतं, आणि तिने मारली.

कंटाळ्याचं आधी उरकते, कारण त्यात मला तुझी फार दया येत नाहीये. सोडू नकोस. तू जे करतेयस तेच ऑडिट आहे, वरचे लोक काहीतरी वेगळं भारी काम करतात आणि तुला उरलंसुरलं देतात असं नाही, त्यांचं सगळं मत तुझ्यासारख्यांनी तपासलेल्या कागदांवरच उभं असतं. फक्त तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही की तू हे का करतेयस, आणि तूही विचारलेलं दिसत नाहीस.

साधी गोष्ट बघ. लेजरमधली, म्हणजे क्लायंटच्या हिशेबाच्या पुस्तकातली, नोंद उचलून तू इन्व्हॉइसपर्यंत जातेस तेव्हा तू हे तपासतेस की पुस्तकात जे लिहिलंय ते खरंच घडलं का. पण समजा क्लायंटने एखादं देणं पुस्तकात घेतलंच नाही, तर लेजरमधून कितीही सॅम्पल काढ, ते तुला दिसणारच नाही, कारण जे लिहिलंच नाही त्याचं सॅम्पल निघणार कुठून? तिथे उलटं जावं लागतं, माल आल्याच्या पावत्या हातात घेऊन त्या लेजरमध्ये शोधायच्या, किंवा वर्ष संपल्यानंतरची पेमेंट बघायची आणि विचारायचं की हे देणं आधीच्या वर्षाचं होतं का. विक्रीत बहुतेक वेळा फुगवल्याची भीती जास्त म्हणून तिथे पुस्तकातून कागदाकडे, देण्यांमध्ये लपवल्याची भीती म्हणून कागदातून पुस्तकाकडे. हे एकदा डोक्यात बसलं की तीच एक्सेल शीट वेगळी दिसायला लागते. उद्यापासून काम हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचार, आपण कुठून कुठे चाललोय आणि यातून कोणती चूक सापडू शकते. सिनिअरला उत्तर देता आलं नाही तर तेही समजलेलं बरं :)

पत्रात तू म्हणतेस की गोडाऊनमध्ये उभं राहून खोकी मोजायला डिग्री कशाला लागते. अगं, ती खोकी मोजायची पद्धत एका मोठ्या घोटाळ्यामुळे पक्की झालीय. 1938 मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स नावाच्या औषध कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, पुस्तकात कोट्यवधी डॉलरचा असा स्टॉक आणि अशी येणी होती जी अस्तित्वातच नव्हती, आणि ऑडिटरने गोडाऊनमध्ये जाऊन बघितलंच नव्हतं कारण तेव्हा तसं बघायची सक्ती नव्हती. त्यानंतर तिथे स्टॉक मोजताना हजर राहणं आणि ज्यांच्याकडून पैसे यायचेत त्यांच्याकडून थेट कन्फर्मेशन, म्हणजे रक्कम बरोबर आहे का याचं लेखी उत्तर, मागवणं हा नेहमीच्या ऑडिटचा भाग झाला. कन्फर्मेशनचं पत्र आपण स्वतः पाठवायचं आणि उत्तर थेट आपल्याकडेच यायला हवं, क्लायंटच्या हातून नाही, हा जो नियम तुला उगाच किचकट वाटतोय त्याचं महत्त्व 2020 मध्ये जर्मनीतल्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीने परत दाखवलं. 1.9 अब्ज युरो फिलिपिन्समधल्या बँकांत आहेत असं पुस्तकात होतं, कागदही होते, आणि बँका म्हणाल्या ही आमची खातीच नाहीत आणि हे कागद खोटे आहेत. त्यामुळे पुढच्या वेळी स्टॉक काउंटला जाशील तेव्हा यादीतला माल जमिनीवर शोध आणि जमिनीवरचा माल यादीतही शोध, दोन्ही बाजूंनी, आणि त्या दिवशीचे शेवटचे आवक-जावक पावत्यांचे नंबर लिहून घे, कट-ऑफ म्हणजे कोणता व्यवहार कोणत्या वर्षात धरलाय ते तपासताना तेच लागतात.

आता त्या सात टिकांचं. इथे मात्र मला खरंच काळजी वाटली.

टिक म्हणजे तुझी सही आहे. वर्किंग पेपरवर, म्हणजे आपल्या तपासणीच्या नोंदींवर, काम कोणी केलं, कधी पूर्ण केलं, कोणी रिव्ह्यू केलं हे नोंदवावं लागतं, आंतरराष्ट्रीय ऑडिट स्टँडर्ड 230 मध्ये ते स्पष्ट आहे. म्हणजे त्या फाईलमध्ये आज असं लिहिलेलं आहे की ती सात इन्व्हॉइस तू बघितलीस. सिनिअरने सांगितलं होतं हे त्या कागदावर कुठेही नाही.

आणि सिनिअरला टिकच का हवी होती तेही समजून घे, तो काही राक्षस नसेल, बिचारा चार फाईली एकदम सांभाळत असेल. पण स्टँडर्ड 530 काय म्हणतं, की निवडलेल्या सॅम्पलचा कागद मिळाला नाही आणि दुसऱ्या योग्य मार्गानेही तपासता आलं नाही, तर ती चूक धरायची. आणि सॅम्पलमधली चूक फक्त तेवढीच राहत नाही, ती सगळ्या खात्यावर पसरवून अंदाज काढावा लागतो, म्हणजे 25 पैकी 7 हा आकडा त्या खर्चाच्या डोक्यावर केवढा मोठा प्रश्न उभा करतो बघ. मग जास्त काम, मॅनेजरचे प्रश्न, क्लायंटची चिडचिड. टिक मारली की हे सगळं गायब. सापडत नाही म्हणून त्याच्या जागी दुसरं सोपं सॅम्पल घ्यायचं हेही चालत नाही, कोणी सुचवलं तर लक्षात ठेव.

ज्युनिअरला कोण विचारतं असं तुला वाटत असेल तर एक प्रकरण सांगते. ब्रिटनमध्ये 2022 साली केपीएमजी या मोठ्या ऑडिट फर्मला 14.4 मिलियन पौंडांचा दंड झाला, कॅरिलियन ही बांधकाम कंपनी आणि आणखी एका कंपनीच्या ऑडिट फाईली तपासायला आलेल्या नियामकाच्या लोकांना टीमने खोटी माहिती आणि नंतर तयार केलेले कागद दिले म्हणून. त्यात वरिष्ठांवर बंदी आणि दंड आलेच, पण टीममधल्या ज्युनिअरलाही सक्त ताकीद मिळाली, मला वरून सांगितलं होतं एवढ्यावर तो सुटला नाही. तुझं प्रकरण त्याच्या जवळपासही नाहीये, घाबरू नकोस, पण रस्ता तोच आहे.

मग काय करायचं. फाईल अजून बंद झालेली नसेल अशी आशा करूया, कारण रिपोर्टच्या तारखेनंतर साधारण 60 दिवसांत फाईल बांधून पूर्ण करतात आणि त्यानंतर त्यातलं काही काढून टाकता येत नाही. गुपचूप जाऊन टिक पुसू नकोस, त्याने आणखी विचित्र दिसेल. सिनिअरला आधी समोरासमोर सांग आणि मग लगेच ऑफिसच्या मेलवर दोन ओळी टाक, की या सात सॅम्पलची इन्व्हॉइस मला मिळाली नव्हती, मी टिक केली होती ती दुरुस्त करायची आहे, माल आल्याची पावती, पर्चेस ऑर्डर, सप्लायरचं स्टेटमेंट आणि बँकेतून गेलेलं पेमेंट यावरून तपासता येतंय का बघते. बास, एवढंच. आरोप नको, उपदेश नको. बऱ्याचदा पाच कागद या मार्गाने मिळून जातात आणि उरलेल्या दोनचं काय करायचं ते मॅनेजर ठरवतो, त्याला पगार त्याचाच मिळतो. सिनिअर नाही म्हणाला तर मॅनेजरकडे जा, तिथेही हात झटकले तर फर्ममध्ये एथिक्स किंवा क्वालिटी बघणारं कोणीतरी असतं, आणि तुझ्या कॉलेजची प्लेसमेंट बघणारी व्यक्ती आहेच, तिला कळवायला घाबरू नको. फक्त पुरावा म्हणून क्लायंटचे कागद स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस किंवा मोबाईलवर फोटो काढून ठेवू नकोस, गोपनीयतेचा भंग झाला की तुझी बरोबर असलेली बाजूही लंगडी पडते. एआयच्या चॅटमध्ये क्लायंटचं एक्सेल टाकून उत्तर काढणं, हेही त्यातच आलं, तुझ्या पत्रात तसा थोडा वास आला म्हणून सांगते.

हे सगळं सांगूनही तुला उघडपणे दाब आला, खोटी टिक मारच असं परत परत सांगितलं गेलं, तर मात्र तिथून बाहेर पडायचा विचार मी मान्य करेन, कॉलेजशी बोलून दुसरीकडे जागा बघायची. कंटाळा आला म्हणून नाही.

उरलेल्या आठ महिन्यांसाठी मॅनेजरकडे एकच गोष्ट माग, एक छोटा क्लायंट असा दे ज्यात मी प्लॅनिंगपासून सहीपर्यंत बसेन. तुकडे तुकडे केल्यामुळेच तुला पूर्ण चित्र दिसत नाहीये. तुझ्या कामावर आलेले रिव्ह्यू पॉइंट, म्हणजे वरिष्ठांनी काढलेल्या शंका आणि चुका, साठव, पण स्वतःच्या शब्दांत, क्लायंटचं नाव न घालता. शेवटच्या वर्षाच्या ऑडिटच्या पेपरला त्यांचा नोट्सपेक्षा जास्त उपयोग होईल आणि इंटरव्ह्यूला तर होईलच. हे करूनही ऑडिट नको वाटलं तर नको, कंपनीच्या आत बसून महिन्याचं क्लोजिंग करणं, तरतुदी लावणं, बजेट बघणं हे वेगळं काम आहे आणि काही लोकांना तेच जमतं. पण ते वर्ष संपल्यावर ठरव.

मागे पडण्याचं म्हणशील तर नोकरीसाठी अर्ज करताना तुझ्याकडे एक वर्षाचं खरं काम असेल आणि वर्गातल्या बऱ्याच जणांकडे नसेल, बऱ्याच फर्म प्लेसमेंट केलेल्यांनाच परत बोलावतात. आईबाबांना एवढं सांग. सात टिकांचं त्यांना सांगायचं की नाही ते तू बघ, पण सिनिअरला मेल गेल्यानंतर सांगितलंस तर घरात चर्चा कमी होईल.