ऑटोमॅटिक गाडीचे गिअर झटका देत बदलतात. शिफ्ट किट बसवावे का?

आपल्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) असेल, तर किटचा विचार करण्याआधी गिअरबॉक्समधील तेल तपासून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखाच्या चढणीला गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा कन्व्हर्टरमध्ये तेल सतत घुसळले जाऊन तापते आणि ते थंड करणारा वारा मात्र पुरेसा मिळत नाही. तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहा. नवे तेल बहुधा लाल असते. ते काळपट दिसले आणि जळका वास आला, तर क्लच प्लेट झिजल्या असण्याची शक्यता आहे, व तशा गिअरबॉक्सला कोणतेही किट वाचवू शकत नाही. रंग थोडाच मंदावला असल्यास कंपनीने नेमून दिलेल्या प्रतीचेच तेल भरावे आणि गिअरबॉक्सच्या संगणकाचे सेटिंग नव्याने करून घ्यावे. अनेकदा एवढ्याने झटके थांबतात.

शिफ्ट किटमुळे व्हॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे गिअरबॉक्समधील तेलाची वाट ठरवणाऱ्या भागातील, तेलाचा दाब व प्रवाह बदलतो, क्लच लवकर पकडतो आणि घसरणे कमी होते, परंतु गिअर बदलल्याचा धक्का अधिक स्पष्ट जाणवतो. त्यामुळे खर्च करायचाच असेल, तर ठाण्यातील रहदारीसाठी मी आधी वेगळा ऑइल कूलर बसवेन. एएमटी, म्हणजे क्लच व गिअर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या, गाड्यांना यातले काहीच लागू होत नाही, कारण त्यांत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो.