श्रीमंतांची कोणती चैन पुढे घराघरांत दिसेल?

श्रीमंतांच्या आजच्या कोणत्या सुखसोयी उद्या सर्वांच्या आवाक्यात येतील, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो, त्यामुळे माझे उत्तर उन्हाळ्यापासून सुरू होते.

मालगुजारी, म्हणजे सरकारसाठी गावाचा शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ मध्ये संपली. त्यापूर्वी मालगुजारांच्या वाड्यांत उन्हाळा कसा जाई, हे मी आजोबांकडून ऐकले आहे: दारांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर दुपारभर पाणी मारणारा एक गडी आणि छताच्या पंख्याची दोरी ओढणारा दुसरा. त्या गारव्यात वाळ्याचा खर्च थोडाच होता. खरा खर्च होता तो दोन माणसांच्या दिवसाचा. पुढे लहानसा पंप आणि विजेचा पंखा यांनी त्या दोघांचे काम उचलले, ताट्या कूलरमध्ये जाऊन बसल्या आणि आज टिनाच्या छपराच्या घरांनाही खिडकीत कूलर दिसतो.

म्हणून ज्या चैनीत मुख्यतः दुसऱ्याचे श्रम विकत घेतले जातात आणि ते श्रम यंत्राला जमण्यासारखे असतात, ती सार्वत्रिक होईल, असे मला वाटते. घरी येऊन एकट्या मुलाला शिकवणारा शिक्षक बऱ्याच अंशी मोबाइलवर मिळू लागला आहे. स्वतःचा ड्रायव्हर मात्र समृद्धी महामार्गावर यंत्ररूपाने आधी येईल. आमच्या पांदणरस्त्यावर, जिथे पावसाळ्यात बैलही बिचकतो, त्याला फार उशीर लागेल. ऐसपैस जागा आणि शांतता यंत्रातून निघत नाहीत, त्यामुळे त्या महागच राहतील.

सर्वांत आधी येईल तो एसी. कूलर बाष्पीभवनावर चालतो, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम देतो, पण पावसाळ्याची दमट हवा सुरू झाली की नुसती चिकचिक होते. एसीला ती अडचण नाही. अडचण विजेची आहे: कूलरला साधारण दोनशे वॉट पुरतात, तर दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालला की तासाला जवळपास दीड युनिट खातो. छतावरील तीन किलोवॉटच्या सौर संचातून दिवसाला साधारण बारा युनिट मिळतात आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत अशा संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे, त्यामुळे दुपारचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. रात्रीचा नाही. आमच्या गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, नुसत्या कूलरांच्याच भाराने एप्रिलमध्ये दोनदा उडाली होती.