अण्णांना हवी उंदरांची गोळी

प्रश्न : ताई, माझे वडील 71 वर्षांचे. मधुमेह सोडला तर ठणठणीत, रोज मंडईत स्वतः जातात. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी रॅपामायसिन नावाचं औषध देऊन उंदरांचं आयुष्य वाढवलं, हे कुठेतरी वाचल्यापासून तिकडच्या आतेभावाकडे त्या गोळ्या मागवा म्हणून मागे लागलेत. हे खरं आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : खरं आहे, हीच तर पंचाईत! खोटं असतं तर एका ओळीत भागलं असतं. 2009 सालचा हा प्रयोग मिशिगन विद्यापीठ, टेक्सास विद्यापीठ आणि जॅक्सन प्रयोगशाळा अशा तीन ठिकाणी झाला. उंदीर 600 दिवसांचे, म्हणजे आपल्या हिशेबात साठीचे झाल्यावर खाद्यातून औषध सुरू केलं. तरी माद्यांचं आयुष्य 14, तर नरांचं 9 टक्क्यांनी वाढलं. साठीनंतर सुरू करूनही गुण येतो, हेच अण्णांना भावलं असणार.

आयुष्य वाढवण्याच्या अशा प्रयोगांत मी स्वतः काम केलं ते कृमींवर. जेमतेम मिलिमीटरभर लांब, पारदर्शक, दोन-तीन आठवड्यांचे सोबती. सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केन्यन यांनी 1993 साली दाखवलं की, एका जनुकात बिघाड असलेला हा कृमी दुपटीहून जास्त जगतो. तेव्हापासून जगभर या कृमींची मोजदाद चालू आहे. आमच्याकडेही रोज सकाळी बशी सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची, प्लॅटिनमच्या तारेने एकेकाला हलकेच डिवचायचं. हलला तर जिवंत, नाहीतर वहीत फुली. म्हातारा कृमी सरपटायचा थांबतो, डिवचलं की नुसतं डोकं हलवतो. वहीत तोही जिवंतच! नुसतं जिवंत असणं म्हणजे धडधाकट असणं नव्हे, म्हणून अशांसाठी मी पेन्सिलीने एक जादा रकाना आखून घेतला होता. सर त्यावर हसायचे.

आता अण्णांचं. रॅपामायसिन मुळात मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून. म्हणजे ते प्रतिकारशक्ती दाबतं. प्रयोगातले उंदीर जंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यांत होते, अण्णा मंडईत जातात. त्यातून या औषधाने तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं आणि साखरही वाढू शकते. मधुमेहाच्या माणसाने ते आपल्या मनाने घेणं मला अजिबात पटत नाही.

आतेभावाला आधी तुम्हीच फोन करा. आणि अण्णांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या, सिरोलिमस म्हणतात तीही हीच.