मोबाईलमधल्या मैत्रिणींना काम वाटून द्या

लालबागहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका, अशी विनंती आहे. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"माझं वय ४७, मिस्टर ५३ वर्षांचे. आम्ही चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बावीस दिवसांपूर्वी सकाळी दात घासताना त्यांच्या तोंडाच्या एका कडेने फेस गळायला लागला आणि हातातला तांब्या मोरीत पडला. मला वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. साखरपाणी पाजलं, झोपवलं, पुतण्या येईपर्यंत वाट पाहिली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाच तास गेले. मेंदूत डाव्या बाजूला गुठळी निघाली. आता उजवा हात-पाय चालत नाही. बोलणं गेलंय, फक्त 'नाही, नाही' म्हणतात, मधेच ढसाढसा रडतात. चार दिवसांपूर्वी घरी आणलं, नाकातली नळी काढलीय. या सगळ्यात मला धरून ठेवलं ते आमच्या क्रोशाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने. अकरा जणी आहेत. कुणी नाशिकची, कुणी सांगलीची, एक ठाण्याची, एक मस्कतला, एक न्यू जर्सीत. एकीलाही मी प्रत्यक्ष भेटलेली नाही, पण आयसीयूबाहेरच्या बाकावर तीन रात्री त्या माझ्यासोबत जाग्या होत्या. नणंद म्हणते, नवरा पडलाय आणि ही मोबाईलमध्ये डोकं घालून बसते. ग्रुपवर मात्र रोज नवं औषध, नवा मालिशवाला सुचवतात, आता पैसे गोळा करायचं चाललंय. मी चुकतेय का? आणि उशीर माझ्यामुळे झाला, हे मनातून जात नाही."

ताई,

उशिराचं आधी बोलू, कारण ते मनात असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही. मिस्टरांना आला तो लकव्याचा झटका, म्हणजे स्ट्रोक. त्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. ती वेळ टळली, हे खरं आहे आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण ते इंजेक्शन वेळेत मिळालेला प्रत्येक माणूस उठून चालायला लागतो असं नाही. ते बरं होण्याची शक्यता वाढवतं, हमी देत नाही. आणि घरचे थांबतात त्याचं कारण साधं असतं. छातीत कळ आली तर माणूस ओरडतो. मेंदूत गुठळी अडकली तर बहुतेक वेळा काही दुखतच नाही. माणूस शांतपणे एका बाजूला कलतो आणि घरच्यांना वाटतं, जरा पडून राहिला की बरं वाटेल. तुम्ही दुर्लक्ष केलं नाहीत. जे माहीत होतं ते लगेच केलंत. आता जास्त माहीत झालंय, तर ते कागदावर उतरवा.

हा कागद खरोखर लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण दुसरा झटका येण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच सगळ्यात जास्त असतो. वर मोठ्या अक्षरांत १०८. खाली: तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, अचानक तोल जातो किंवा दिसेनासं होतं, यातलं एक जरी नव्याने दिसलं तरी फोन करायचा, वाट पाहायची नाही. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ नोंदवायची, कारण डॉक्टर घड्याळ तिथूनच मोजतात. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसलं, तर झोपायला गेले ती वेळ. २४ तास सीटी स्कॅन चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून तिथे लिहा. तोंडात काहीही द्यायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, ॲस्पिरिन नाही. जिभेखाली बीपीची गोळी तर अजिबात नाही. प्रेशर एकदम खाली आलं तर मेंदूच्या जिवंत राहिलेल्या भागालाही रक्त कमी पडतं. बोटांना सुई टोचून रक्त काढा, असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो आला की पुसून टाका. चाळीचा जिना अरुंद असेल तर स्ट्रेचर वळत नाही. मजबूत खुर्चीत बसवून, चादरीने कमरेला बांधून दोघांनी खाली न्यायचं. मंडळाच्या पोरांपैकी दोघांना हे आधीच सांगून ठेवा. लालबागमध्ये पोरं मिळत नाहीत असं होत नाही.

आता जेवण. नळी नुकतीच निघाली आहे, म्हणून सध्या मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. झटक्यानंतर घशाचे स्नायू सुस्त होतात आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. फुप्फुसात गेलेल्या अन्नाने न्यूमोनिया होतो, आणि लकव्याच्या पेशंटला घरी आल्यावर पुन्हा दाखल करावं लागतं, त्याचं हे एक मोठं कारण आहे. सगळ्यांना वाटतं पाणी सोपं, पण पातळ पदार्थच सर्वांत अवघड. तो घशात पळतो, श्वासनलिकेचं झाकण बंद व्हायच्या आत खाली जातो. म्हणून पाणी, चहा किती दाट करून द्यायचा, हे गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टला विचारून ठरवा. घास मऊ आणि एकजीव असावा: घोटलेला वरणभात, दाट खिमटी, कुस्करलेलं केळं. ज्यात एकाच घासात पातळ आणि घट्ट दोन्ही असतं ते टाळा. चहात बुडवलेलं बिस्कीट किंवा पाव याच कारणाने धोक्याचा. फरसाण, कुरमुरे, कोरडे पोहे सध्या नाहीत.

पलंगावर रेलून भरवू नका. पाठ सरळ, खुर्चीत बसल्यासारखी. अर्धा चमचा, तोही चांगल्या बाजूने, म्हणजे त्यांच्या डावीकडून. गिळलं की नाही बघून मगच पुढचा. जेवण झालं की उजव्या गालात डोकावून पाहा. तिथे घास साठून राहतो आणि त्यांना ते जाणवतही नाही. नंतर अर्धा तास बसूनच राहू द्या. खाताना ठसका, खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा होणं किंवा संध्याकाळी बारीक ताप येणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. काहींना अन्न चुकीच्या वाटेने गेलं तरी ठसका येत नाही, म्हणून तापाकडे लक्ष हवं.

उजवा हात धरून त्यांना कधीही ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचे स्नायू ढिले पडलेत, सांधा आपल्याच वजनाने खाली उतरू शकतो, आणि एकदा तो दुखरा झाला की माणूस व्यायामच नाकारतो. मालिशवाल्यांची मला हीच भीती वाटते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, बरंही वाटतं. पण हात ताणून 'नस मोकळी' करणाऱ्याला दाराबाहेरूनच परत पाठवा. बसलेले असताना उजवा हात उशीवर हवा, लोंबकळता नको. उठवताना खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांच्या उजव्या गुडघ्याला तुमच्या गुडघ्याचा अडसर, आणि तुमची पकड त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर. सदरा घालताना आधी उजवा हात, काढताना तो शेवटी. झोपेत दर दोन तासांनी कूस बदला, एअर बेड असला तरी. टाचा, माकडहाड आणि कमरेच्या बाजू रोज पाहा. दाबल्यावरही फिकी न होणारी लाली दिसली, तर त्या जागेवर पुन्हा भार नको. गरम पाण्याची पिशवी बधिर बाजूला लावू नका. भाजलेलं कळणार नाही.

'नाही, नाही' बद्दल. मेंदूच्या डाव्या भागात बहुतेकांची भाषा असते. तिथे इजा झाली की कधी कधी एकच शब्द हाती राहतो आणि तो सगळ्यासाठी वापरला जातो. त्यांचं 'नाही' म्हणजे 'हो'ही असू शकतं. म्हणून शब्दावर जाऊ नका, चेहरा आणि डावा अंगठा बघा. 'काय हवं?' असं न विचारता दोन वस्तू समोर धरा, भात की केळं. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा, त्यांच्या तोंडचा शब्द घाईने पुरा करू नका. ज्यांना वाक्य जमत नाही त्यांच्या तोंडून कधी कधी आरतीची ओळ किंवा एक ते दहा आकडे घडाघडा येतात. पाठ झालेलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. रोज संध्याकाळी सोबत म्हणा. आणि लक्षात असू द्या, बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नाही. त्यांच्यादेखत 'आता यांचं काय होणार' ही चर्चा घरात कुणीही करायची नाही.

रडण्याचे दोन प्रकार असतात. अचानक, क्षुल्लक कारणाने सुरू होणारं आणि विषय बदलला की थांबणारं रडं ही मेंदूच्या इजेची खूण असते. ते दुःख असेलच असं नाही. दिवसभर उदास, खाणं-झोप बिघडलेली, व्यायामाला नकार, असं दोन आठवडे चाललं तर ते नैराश्य. झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते येतं. दोन्हींवर औषध आहे, डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता तुमच्या मैत्रिणी. ताई, तुम्ही चुकत नाही. बाकावर रात्र जागवणारी माणसं परकी नसतात. पण प्रेम आणि माहिती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. झटका दोन प्रकारचा असतो. दहातल्या आठ-नऊ जणांना गुठळीने येतो, बाकीच्यांना रक्तवाहिनी फुटून. एकाला रक्त पातळ करणारी गोळी लागते, दुसऱ्याला तीच घातक. सांगलीच्या मैत्रिणीच्या काकांना ज्याने गुण आला ते तुमच्या मिस्टरांना का देऊ नये, याचं उत्तर एवढंच आहे. तेव्हा ग्रुपवर औषधाचं नाव आलं की वहीत लिहा, पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा, तोवर चालू गोळ्या बदलू किंवा थांबवू नका.

त्यांना काही करायचं आहे आणि काय ते कळत नाही, म्हणून त्या उपाय पाठवतात. त्यांना नेमकं काम द्या. नाशिकच्या मैत्रिणीला डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्यांचा फोटो पाठवा. नाव, वेळ, जेवणाआधी की नंतर, असा मोठ्या अक्षरांतला तक्ता ती करून पाठवील. कार्डाशी ताडून बघा, छापून कपाटाच्या दारावर लावा, शेजारी बीपी लिहायला रकाना ठेवा. मस्कतच्या मैत्रिणीने रोज एकाच वेळी फोन करायचा, तुमच्यासाठी, पाच मिनिटं. मुंबईत पहाटेचे तीन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. कूस बदलायला उठलात आणि झोप उडाली, तर त्या वेळी जागी असणारी ती एकटीच आहे. ठाण्याच्या मैत्रिणीला प्रत्यक्ष बोलवा. आधी दोन-तीनदा व्हिडिओवर बोला, घरात दुसरं कुणी असताना येऊ दे, आणि ती बसेल तेवढे दोन तास तुम्ही झोपा, स्वयंपाक करू नका. एकीला निरोप्या नेमा. रात्री नऊला तिला एक मेसेज, बाकी दहा जणींना ती सांगेल. अकरा जणींना वेगवेगळं उत्तर देण्यातच तुमचा मोबाईलवरचा वेळ जातोय, आणि नणंदेला तेवढाच दिसतो.

नणंदेशी वाद घालू नका. तो तक्ता दाखवा आणि सरळ विचारा, "वन्सं, रविवारी दोन ते चार दादांजवळ बसाल का? कूस कशी बदलायची मी दाखवते." भाऊ असा पडलेला पाहून तीही घाबरलेली आहे. हाताला काम मिळालं की जीभ जरा शांत होते.

पैसे घ्यायला संकोच नको, पण रोख तुमच्या खात्यात नको. कुणी फिजिओची महिन्याची फी थेट भरावी, कुणी औषधांच्या दुकानात. हिशोब एकीकडेच. तुमचा क्यूआर कोड दुसऱ्या ग्रुपवर जाऊ देऊ नका, तिथे तुमच्या नावाने दुसराच कुणी पैसे मागू लागतो. मिस्टरांचे आजारपणातले फोटो त्यांनी अंगठा वर केल्याशिवाय पाठवू नका. पुन्हा दाखल करायची वेळ आलीच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल बघा आणि आत शिरताच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला गाठा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि बोलण्याचे उपचार एकाच ठिकाणी हवे असतील तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था तुम्हाला जवळ आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, म्हणून हे या आठवड्यात सुरू करा. सुधारणा नंतरही होते, पण सावकाश.

तुमचं मन फारच खचलं तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर दिवस-रात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. अकरा मैत्रिणी असल्या तरी हा नंबर फोनमध्ये असावा.

आणि क्रोशा सोडू नका. मिस्टरांच्या उजव्या हातात स्मायली बॉल, म्हणजे व्यायामाचा मऊ चेंडू, दाबायला देण्याची घाई मात्र करू नका. बोटं आधीच मिटत असतील तर दाबून ती आणखी घट्ट होतात, मुश्कील असतं ते उघडणं. त्याऐवजी फिजिओला विचारून, टेबलावर त्यांचा उजवा तळवा लोकरीच्या गुंड्यावर ठेवा आणि तुम्ही धागा ओढत विणा. गुंडा घरंगळू न देणं हे त्यांचं काम.

ग्रुपवर काय लिहू, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. आज रात्री हे पाठवा:

"बायांनो, हे घरी आले. तुमच्यामुळे मी उभी आहे. आजपासून औषधं डॉक्टरांची, बाकी सगळं तुमचं. कोण काय करणार, ते खाली लिहिलंय. जमत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. रोज रात्री नऊला खबर मिळेल. मी उत्तर दिलं नाही, तर समजा मी झोपलेय."